खुळखुळा, हळद आणि ‘ग’चा दांडा

बाळासाठी खेळणं घेताना आई-बाबा हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात : “रंग नैसर्गिक आहेत ना?” आम्ही ‘हो’ म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी ओसरते. मला मात्र नेमकं तेव्हाच पुष्कळ काही सांगायचं असतं. रंग नैसर्गिक असणं आणि खेळणं सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही स्वतंत्रपणे कमवाव्या लागतात. सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलांसाठी लाकडी शैक्षणिक खेळण्यांची मालिका आमच्या लहानशा गटाने बाजारात आणली, तेव्हा याचा पदोपदी प्रत्यय आला. स्टॉलवर उभ्या उभ्या ते सांगून होत नाही, म्हणून पडद्यामागचे हे काही किस्से.

खुळखुळ्याच्या पोटात काय?

मालिकेतलं पहिलं खेळणं खुळखुळा असणार, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. लेथवरचं काम सावंतवाडीत चालायचं. तिथल्या चितारआळीत लाकडी खेळणी आणि हुबेहूब दिसणारी लाकडी फळं पिढ्यान्‌पिढ्या घडत आली आहेत. आमच्या कामावर सगळ्यांत ज्येष्ठ कारागीर म्हणजे अण्णा. खुळखुळ्याच्या पोटात काय भरायचं, याची चर्चा त्यांच्या लेथपाशी रंगली होती. कुणी बारीक खडे सुचवले, कुणी तांदूळ, कुणी सायकलचे छर्रे. एक तरुण गडी म्हणाला, “गुंजा भरूया, आवाज बरो येतलो.”

गुंज दिसायला देखणी. लाल-काळी, टणक, एके काळी सोनाराच्या तराजूत मानाने बसणारी. शंभर टक्के नैसर्गिक आणि तितकीच विषारी. तिच्यातलं अब्रिन हे विष इतकं जहाल असतं, की बी चावली गेली तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. खुळखुळा फुटला आणि गुंजा जमिनीवर सांडल्या, तर रांगतं मूल आधी काय करणार, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. अण्णांनी लेथ थांबवला आणि मान हलवली. “पोराच्या हातात गुंज? नाय रे बाबा.”

मग त्यांनी स्वतःच वाट काढली. शिवणीच्या लाकडाचा तुकडा लेथवर चढवला, गोल केला आणि त्यावर तीन जाड वळी राखून मधलं लाकूड खोल कातलं. पुढे टोकाला वाकवलेली बारीक पटाशी घेऊन एका वळ्याच्या पोटाखालून आधी डावीकडून, मग उजवीकडून लाकूड काढत नेलं. दोन्हीकडचे काप आत एकमेकांना भेटले, तसं ते वळं सुटलं आणि फिरत्या दांड्यावर कडं होऊन थरथरू लागलं. एकाच लाकडातून दांडा, त्याच लाकडातून त्यावरची सैल कडी. दांड्याची दोन्ही टोकं कड्याच्या भोकापेक्षा मोठी, त्यामुळे कडं बाहेर पडणार कुठून? सरस नाही, जोड नाही, आत पोकळी नाही. हलवलं की लाकडावर लाकूड वाजतं आणि बाळाच्या कानाला सोसेल असा मऊ आवाज येतो.

कड्याची आतली बाजू गुळगुळीत करणं हे यातलं सगळ्यांत किचकट काम. त्यासाठी दांड्याभोवती पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळायची, लेथ चालू करायचा आणि कडं बोटांनी धरून त्या फिरत्या पट्टीवर आतून घासायचं. ही आतली बाजू विकत घेणाऱ्याला कधीच दिसत नाही. बाळाची जीभ मात्र तिथपर्यंत पोचते.

कट्ट्यावरचा ‘घसा’

खेळण्यांसाठीचं भारतीय मानक म्हणजे आयएस 9873. त्याच्या पहिल्या भागात एका छोट्या नळकांड्याचं माप दिलेलं आहे. आतला व्यास 31.7 मिलिमीटर, तळ तिरका, त्यामुळे खोली एका बाजूला 25.4 आणि दुसऱ्या बाजूला 57.1 मिलिमीटर. खेळण्याचा सुटा भाग किंवा आपटून, ओढून, पिळून निघालेला तुकडा या नळकांड्यात न दाबता पूर्ण मावला, तर ते खेळणं तीन वर्षांखालच्या मुलांसाठी बाद. लहान मुलाचा घसा डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेलं हे माप आहे.

असं एक नळकांडं आम्ही अण्णांच्या कट्ट्यावर कायमचं ठेवलं. कारागिरांनी त्याचं नाव ‘घसो’ पाडलं. नवीन मणी, नवीन चाक, नवीन खुंटी काहीही घडलं की हातातलं काम ठेवून आधी ‘घशात’ टाकून बघायचं, ही सवय आपोआप लागली. नियम भिंतीवर लावला असता, तर तो तिथेच राहिला असता. कट्ट्यावर आल्यामुळे तो हातात उतरला.

शेंदूर, हिंगूळ, हरताळ

रंगांच्या बाबतीत तर ‘नैसर्गिक’ हे लेबल फारच जपून वापरावं लागतं. आपल्या जुन्या चित्रकारांच्या रंगपेटीत काय काय होतं ते आठवा. शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं, हरताळ म्हणजे आर्सेनिकचं. सफेद्यातही शिसंच. हिंगूळ आणि हरताळ तर थेट खाणीतून निघणारी खनिजं, म्हणजे अस्सल निसर्गदत्त. पोथीच्या पानावर किंवा भिंतीवरच्या चित्रात त्यांचं सौंदर्य वादातीत आहे. जे खेळणं दिवसभर तोंडात राहणार, त्याच्या आसपासही हे रंग येता कामा नयेत. शिशाची अमुक इतकी मात्रा मुलाला निर्धोक, अशी कुठलीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्टपणे सांगते. पोटात गेलेलं शिसं लहान मुलांचं शरीर प्रौढांपेक्षा चार ते पाच पट जास्त शोषून घेतं.

आमच्यापुढे आदर्श होता आंध्रातल्या एटिकोप्पाका गावाचा. वराहा नदीकाठच्या या गावात अंकुडू नावाच्या हलक्या लाकडाची खेळणी कातली जातात. सी. व्ही. राजू यांनी तिथे रासायनिक रंग बाजूला सारून बिया, साली, मुळं, पानं यांच्यापासून केलेले रंग लाखेत बसवण्याची पद्धत चिकाटीने पुन्हा रुजवली. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आम्हीही तीच वाट धरली. केशरीसाठी शेंद्रीच्या बिया, निळ्यासाठी नीळ, तपकिरीसाठी कात, तांबड्यासाठी मंजिष्ठा, पिवळ्यासाठी हळद. रंग लाखेत मळून त्याची कांडी करायची आणि लेथवर फिरणाऱ्या लाकडावर दाबून धरायची. घर्षणाने लाख वितळते, लाकडावर पसरते आणि केवड्याच्या पानाने घोटली की झळकते. औषधाच्या गोळ्यांवर आणि मिठाईवर चकाकीसाठी हीच लाख शुद्ध करून वापरतात.

हळदीचीही परीक्षा

नीळ आणि मंजिष्ठा तपासायला पाठवताना कुणी हरकत घेतली नाही. हळद पाठवायची म्हटल्यावर मात्र सगळे थबकले. जी रोज भाजीत पडते, जखमेवर लागते, नवरा-नवरीच्या अंगाला लागते, तिची कसली तपासणी? अण्णांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, तर हे अजिबात पटलं नाही. “हळदीचो आणि इसवास नाय?” असं त्या म्हणाल्या.

शंकेला कारण होतं. हळदीचा पिवळा रंग उठावदार दिसावा म्हणून काही ठिकाणी तिच्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं पिवळं रंगद्रव्य, मिसळलं जातं. बांगलादेशातल्या तपासण्यांत ते उघडकीला आलं आणि तिथल्या सरकारला बाजारात उतरून कारवाई करावी लागली. पुडीतल्या हळदीतच नव्हे, तर चकाकी आणलेल्या हळकुंडांवरही ते सापडतं.

म्हणून घाऊक बाजारातून आलेल्या हळदीचा नमुना आम्ही आधी प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला तो शिशाच्या आकड्याखाली रेघ मारून. ते पोतं तसंच परत गेलं. त्यानंतर सांगलीकडच्या शेतकऱ्याकडून पॉलिश न केलेली हळकुंडं थेट घ्यायची, आपल्यासमोर दळायची आणि तरीही दर खेपेचा नमुना तपासायचा, हा शिरस्ता पडला. काकूंनी तो अहवाल वाचून घेतला आणि त्या दिवसापासून घरच्या स्वयंपाकालाही त्याच हळकुंडांची हळद घेतली.

प्रयोगशाळेतली ही परीक्षा कशी होते, तेही सांगायला हवं. खेळण्यावरचा रंग खरवडून त्याची पूड करतात. जठरातल्या आम्लाइतक्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ती 37 अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीराच्या तापमानाला, तासभर हलवत ठेवतात आणि आणखी तासभर तशीच राहू देतात. मग त्या आम्लात आठ घातक मूलद्रव्यं किती उतरली ते मोजतात. शिशाची मर्यादा किलोमागे 90 मिलिग्रॅम, कॅडमियमची 75, आर्सेनिकची 25. बाळाने रंग गिळलाच तर पोटात काय होईल, याचीच ही रंगीत तालीम.

हळदीच्या रंगाचं एक वैगुण्य आम्ही खोक्यातल्या कार्डावर छापलं. उन्हात तो फिका होतो. रासायनिक पिवळा वर्षानुवर्षं तसाच राहतो, हा राहत नाही. दुकानदार म्हणाले, असं छापलं तर गिऱ्हाईक बिचकेल. आम्ही ते काढलं नाही. आई-बाबांना खरं कळलं तर ते खेळणं उन्हातून उचलून ठेवतील, एवढा विश्वास ठेवायला काय हरकत आहे?

‘ग’चा दांडा

मराठी मुळाक्षरांचा लाकडी संच हा या मालिकेचा मानबिंदू व्हावा, असं आम्हाला मनापासून वाटत होतं. बाजारात इंग्रजी अक्षरांचे संच भरपूर. देवनागरीचे मिळतात ते बहुतेक हिंदीसाठी केलेले, त्यांत ‘ळ’ नाही. आमच्या संचात ‘ळ’ असणारच होता.

अडचण आली ती ‘ग’ने. ‘ग’, ‘ण’ आणि ‘श’ ही अक्षरं नीट पाहा. त्यांचा उभा दांडा उरलेल्या अक्षराला फक्त वरच्या शिरोरेषेने जोडलेला असतो. कागदावर हे शोभून दिसतं, पण लाकडात कापलं की सगळा भार त्या एवढ्याशा जोडावर येतो. लाकडाचे रेषे उभे ठेवले तर शिरोरेषा कमजोर होते, आडवे ठेवले तर दांडा. नमुना उंचीवरून आपटण्याच्या चाचणीत ‘ग’चा दांडा निखळला. हातात उरली एक टोकदार काडी. तीन वर्षांच्या मुलाच्या डोळ्याजवळ अशी काडी जाण्याची कल्पनाही सहन होत नाही.

प्लायवूड वापरा, ते कुठल्याच बाजूने तुटत नाही, असा सल्ला मिळाला. तो चुकीचा नव्हता. पण स्वस्त प्लायवूडचे थर चिकटवायला सर्रास युरिया-फॉर्मल्डिहाइड वापरतात आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड हवेत झिरपत राहतं. शेवटी वाट दाखवली मारिया मॉन्टेसोरी यांनी. 1907 मध्ये रोममध्ये बालगृह सुरू करणाऱ्या या विदुषीने खरखरीत कागदाची अक्षरं पाट्यांवर चिकटवली होती. मुलाने त्यांच्यावरून बोट फिरवायचं, म्हणजे लिहिण्याआधीच हाताला वळण कळतं. आम्ही अक्षर कापून काढण्याऐवजी शिवणीच्या जाड पाटीत खोल कोरलं. बोट जिथे सुरू व्हायला हवं, तिथे एक छोटी खळगी ठेवली. आता ‘ग’चा दांडा तुटायचा प्रश्नच उरला नाही, आणि अक्षर ओळखण्यासाठी म्हणून घडवलेलं खेळणं अक्षर गिरवायलाही शिकवू लागलं.

कोकणचं लाकूड, पुण्याची हवा

पावसाळ्यात सावंतवाडीत कातलेला पांगुळगाडा तिथे अगदी घट्ट असायचा. तोच पुण्यात एप्रिलच्या कोरड्या हवेत आला की लाकूड आकसायचं आणि चाकाची खुंटी सैल व्हायची. सैल झालेली खुंटी ‘घशात’ बरोबर मावणारी. यावर सोपा उपाय म्हणजे चुका ठोकणं किंवा फेव्हिकॉल थापणं. चूक उचकटून वर आली तर बोट फाडते आणि सरसाच्या भरवशावर मुलाचा जीव ठेवता येत नाही, म्हणून दोन्ही वर्ज्य केलं. लाकूड सावलीत मुरू द्यायचं, ओलावा मोजायच्या यंत्रावर 12 टक्क्यांच्या खाली आकडा आल्याशिवाय कातायचं नाही आणि प्रत्येक खुंटीत आडवी बांबूची काडी ठोकून ती अडकवून टाकायची, असं ठरलं. खुंटी सैल झाली तरी बाहेर येत नाही.

तेलाचंही तसंच. न रंगवलेल्या खेळण्यांना जवसाचं तेल पाजायचं होतं. हार्डवेअरच्या दुकानात ‘उकळलेलं’ म्हणून मिळणारं जवसाचं तेल झटपट वाळतं, कारण त्यात कोबाल्ट, मँगनीज यांसारख्या धातूंची संयुगं घातलेली असतात. त्यामुळे आम्ही घाण्यावरचं कच्चं तेल घेतलं. ते वाळायला फार दिवस लागतात. तेवढे दिवस माल मांडणीवर पडून राहतो, पैसा अडकतो, पण त्याला इलाज नाही.

बालवाडीतले परीक्षक

प्रयोगशाळा धोका सांगते. खेळणं शिकवतं की नाही, हे मूलच सांगतं. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभं केलं, तेव्हा महागडी परदेशी साधनं बाजूला ठेवून परिसरातल्या बिया, शंख-शिंपले, पानं, खडे यांतून साधनं घडवली. साधन मुलाच्या ओळखीच्या जगातलं असावं, हा त्यांचा धडा आम्ही शिरोधार्य मानला.

आमची खेळणी एका वस्तीतल्या बालवाडीत ठेवली. ताईंना एकच विनंती केली, की कसं खेळायचं ते सांगू नका. रिंगांचा मनोरा लहान-मोठ्या क्रमाने रचावा, अशी आमची अपेक्षा होती. एका चिमुरडीने सगळ्या रिंगा काढून घेतल्या, हातात बांगड्यांसारख्या चढवल्या, मोठ्या रिंगा मैत्रिणीला दिल्या आणि लहान स्वतःला ठेवल्या. कोणती रिंग कोणाच्या हातात बसते, हे ती करून बघत होती. लहान-मोठं तिला पक्कं कळलं होतं. ताई कौतुकाने म्हणाल्या, “बघा, तिने तुमचा धडा तिच्या रीतीने पुरा केला.” त्यानंतर रिंगांच्या आतल्या कडाही बाहेरच्या इतक्याच घोटायच्या असं ठरलं, कारण त्यांतून हात जाणार हे आता माहीत होतं.

सूट होती, तरीही

केंद्र सरकारच्या 2020 च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक झालं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या मालाला मात्र त्यातून सूट मिळाली. हा निर्णय योग्यच आहे. एकट्या लेथवर पोट भरणाऱ्या कारागिराला कारखान्याइतका चाचण्यांचा खर्च परवडणार नाही.

आमच्या कारागिरांकडे ती नोंदणी होती. मग तपासण्यांवर पैसे कशाला घालायचे, यावर बराच खल झाला. वाद मिटवला अण्णांनीच. त्यांचं म्हणणं साधं होतं : सूट कारागिराला मिळाली आहे, बाळाच्या पोटाला मिळालेली नाही. कायद्याने न मागितलेल्या त्या चाचण्या आम्ही करून घेतल्या आणि आजही करतो.

दिवाळीच्या प्रदर्शनाआधी माल वेळेत निघेना, तेव्हा कड्याची आतली घोटाई वगळू या, असं एकाने सुचवलं. त्याला मी डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या सुताराची गोष्ट सांगितली. ओले कर्क क्रिस्टियनसेन यांनी 1932 मध्ये लाकडी खेळणी करायला सुरुवात केली आणि पुढे त्यांचा उद्योग ‘लेगो’ नावाने जगभर पोचला. त्यांच्या मुलाने एकदा लाकडी बदकांना तीनऐवजी दोनच हात वार्निश देऊन पैसे वाचवले आणि ते अभिमानाने सांगितलं. वडिलांनी त्याला स्टेशनवर पाठवून बदकं परत आणायला लावली आणि तिसरा हात देऊनच ती रवाना केली. आमच्या पोरांनी त्या रात्री जागून कडी घोटली. थोडी कमी खेळणी घेऊन आम्ही प्रदर्शनाला गेलो, पण नेलेलं प्रत्येक खेळणं पुरं झालेलं होतं.

आता तुमच्याकडून

एका दुकानदाराने खुळखुळ्यावर ‘तीन वर्षांवरील मुलांसाठी’ असं छापा, म्हणजे कटकट मिटेल, असं सुचवलं होतं. खुळखुळा वाजवतं ते तान्हं मूल, हे त्यालाही ठाऊक होतं. अशी लेबलं बाजारात दिसतात, म्हणून लेबलावर थांबू नका. खेळणं हातात घेऊन नीट पाहा. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग निघतो का ते बघा. चाकं, डोळे, खुंट्या जोर लावून ओढा. सव्वातीन सेंटिमीटर व्यासाची कागदाची नळी करून पर्समध्ये ठेवा आणि जे तिच्यात मावतं, ते तीन वर्षांखालच्या मुलाला देऊ नका. विक्रेत्याला विचारा : कोणतं लाकूड, कोणता रंग, कोणतं तेल, तपासणीचा अहवाल कुठे आहे? जो मोकळेपणाने दाखवेल, त्याच्याकडूनच घ्या. गिऱ्हाईक हे विचारू लागलं, की कारागिराने जागवलेल्या रात्रींना बाजारात किंमत येईल.